हरलेल्या राजाची नौका

जिंकलेल्या राजांची नावं जहाजांना द्यायची रीत जगभर आहे. पेरूनं मात्र आपल्या चिलखती युद्धनौकेला नाव दिलं ते वास्कारचं, म्हणजे चक्क हरलेल्या इंका सम्राटाचं. आणि तोही समुद्रापासून लांब, डोंगरातल्या कुस्को या इंका राजधानीचा!

सावत्र भाऊ अताहुआल्पाशी गादीसाठी झालेल्या यादवीत वास्कार १५३२ मध्ये हरला आणि पकडला गेला. तेवढ्यात खुद्द अताहुआल्पाच काहामार्कात स्पॅनिशांच्या तावडीत सापडला. तरी कैदेत बसून त्यानं भावाला संपवायचा हुकूम सोडलाच. भाऊबंदकीत आपणही काही कमी नाही, पण हे म्हणजे अतीच झालं.

‘वास्कार’ १८६५ मध्ये इंग्लंडात बर्कनहेडला पाण्यात उतरली. १८७७ मध्ये ती बंडखोरांच्या ताब्यात असताना एका ब्रिटिश युद्धनौकेनं तिच्यावर टॉर्पेडो सोडला. स्वतःच्या बळावर पळणारा टॉर्पेडो लढाईत वापरला गेला तो तेव्हा पहिल्यांदा. तो चुकला. म्हटलं, नावाला नशीब आलं! पण दोनच वर्षांत चिलीशी युद्ध पेटलं.

२१ मे १८७९ ला इकीके बंदरापाशी तिनं चिलीच्या ‘एस्मेराल्दा’ला धडका देऊन बुडवलं. त्या धुमश्चक्रीत ‘एस्मेराल्दा’चा कप्तान आर्तुरो प्रात तलवार उपसून ‘वास्कार’च्या डेकवर उडी मारून आला आणि तिथेच पडला. ‘वास्कार’चा पेरूवियन कप्तान मिगेल ग्राउ यानं त्याची तलवार आणि बाकीच्या चीजवस्तू सांत्वनाच्या पत्रासह त्याच्या विधवेकडे धाडल्या. युद्ध ऐन रंगात असताना शत्रूच्या बायकोला पत्र लिहायला बसणारा हा माणूस मला दोन्ही सम्राटांपेक्षा मोठा वाटतो. ८ ऑक्टोबरला आंगामोसच्या लढाईत गोळा थेट त्याच्यावरच आला. हाती लागले ते जेमतेम अवशेष. नौका चिलीनं पकडली.

म्हणजे वास्कार पुन्हा कैदेत. चिलीनं तिचं नाव मात्र बदललं नाही. यात उदारपणा किती आणि मिरवण्याची हौस किती, कोण जाणे.

जिंकलेल्या भावाचं म्हणाल तर इक्वेडोरची राजधानी कीतो इथल्या फुटबॉलच्या मैदानाला अताहुआल्पाचं नाव आहे. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंच, त्यामुळे पाहुण्या संघांची दमछाक ठरलेली.

‘वास्कार’ चिलीत ताल्काहुआनोच्या बंदरात संग्रहालय होऊन उभी आहे. चिलीचं आरमार तिची निगुतीनं देखभाल करतं, आणि पेरूत अधूनमधून कुणीतरी ती परत मागतं.