बेल्ह्याच्या बाजारातून तलंगा आणि मग अंड्यांचा हिशोब

बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो. आळेफाट्यावरून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटर. नाव बैलांचं, पण एका अंगाला शेळ्या आणि त्यांच्या पलीकडे कोंबड्या असतात. परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्या असतील तर आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातल्या माणसाला हे ठिकाण सोयीचं. आम्ही मंचरच्या बाजूने पहाटेच निघालो. मी, सासूबाई, आणि पिकअपवाला शेजारचा मुलगा. नारायणगावातून टोमॅटोचे रिकामे क्रेट उचलले. कोंबड्या आणायला यासारखी दुसरी वस्तू नाही: चहूबाजूंनी हवा लागते, आणि एकावर दुसरा क्रेट उपडा घालून सुतळीने बांधला की झाकण झालं. एका क्रेटमध्ये तीन, फार तर चार. जास्त कोंबल्या तर खालची गुदमरते.

पिल्लं का नाही, असं बरेच जण विचारतात. एक दिवसाची पिल्लं हवी असतील तर पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. आधी चौकशी आणि नोंदणी करून जावं. पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. आमच्याकडे रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नाही. वर अंड्याचं तोंड बघायला पाच-सहा महिने. त्यापेक्षा अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, घेतलेली बरी. महाग पडते, पण मर कमी होते.

सातच्या आत पोचा. उजाडताना आसपासच्या वाड्यांवरच्या बाया पाटीत चार-सहा कोंबड्या घेऊन येतात, आणि व्यापारी त्यांना वेशीवरच गाठतात. तासाभराने तीच कोंबडी व्यापाऱ्याच्या जाळीत दिसते आणि दर शंभराने चढलेला असतो. बाईकडून घेण्यात पैशाइतकाच दुसराही फायदा आहे. ती कोंबडी एका घरची असते. व्यापाऱ्याच्या जाळीत दहा गावांच्या कोंबड्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून बसलेल्या असतात, आणि एकीला मानमोडी (राणीखेत रोग) असली की सगळ्यांना तिचा प्रसाद.

निवडीचं काम सासूबाईंचं. त्या आधी भाव विचारतच नाहीत. पाय बांधून उलटी टांगलेली कोंबडी त्या आधी सरळ करून हातात घेतात, कारण उलट्या कोंबडीचं काही कळत नाही. मग ती कानाशी धरायची आणि घरघर ऐकायची. डोळे कोरडे आणि टवटवीत हवेत. शेपटीखालची पिसं बघायची: हिरवट चिकटा लागला असेल तर खाली ठेवून पुढे चालायचं, फुकट दिली तरी नको. पायाचे खवले उचकटून वर आलेले असतील तर आत किडा आहे किंवा कोंबडी जुनी आहे. तुरा लालभडक असेल तर अंडं जवळ आलंय. शेवटी मागच्या दोन हाडांच्या मध्ये बोटं लावायची. दोन बोटं सहज बसली तर अंड्यावर आहे, एकच बसलं तर अजून अवकाश आहे. एका बाईने सांगितलं, “मावशी, उद्याच अंडं देईल बघा.” सासूबाईंनी बोट लावलं आणि म्हणाल्या, “दिवाळीला देईल. तेवढा भाव कमी कर.” बाई हसली आणि शंभर रुपये सोडले.

सहाशेपासून सुरुवात झाली होती. आठ तलंगा सरासरी 450 ला पडल्या आणि एक कोंबडा 700 ला. कोंबडा अंड्यासाठी लागत नाही, त्याच्याशिवायही कोंबडी अंडी देते. पण पुढे पिल्लं काढायची असतील तर हवाच.

बाजारात ‘गावरान’ म्हणून जे मिळतं ते सगळं गावरान नसतं. एकाच वयाच्या, एकाच मापाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या वीस-पंचवीस कोंबड्या एका जाळीत असतील तर त्या गिरीराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातीच्या समजा. त्यात वाईट काही नाही. गिरीराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, आणि अंडी गावरानपेक्षा भरपूर देतात. पण त्यांना गावरानचा दर देऊ नका. शिवाय या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. आपल्याच अंड्यांतून पिल्लं काढायची असतील तर दोन तरी अस्सल गावरान हव्यात. अंडी कुणाचीही ठेवा, ती 21 दिवस इमानेइतबारे बसते.

घरी आणल्यावर नव्या कोंबड्या जुन्यांत सोडायच्या नाहीत. दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्याखाली, वेगळं पाणी. त्यांचं दाणापाणी शेवटी करायचं, आधी जुन्यांचं. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, दाणा थोडाच. मग जंताचं औषध, आणि अंगावरच्या उवांसाठी राखेचा ढीग. त्या स्वतःच लोळतात. लस आणल्याबरोबर टोचू नका, प्रवासाचा ताण उतरू द्या. मोठ्या कोंबड्यांना मानमोडीची आर-टू-बी लस टोचतात, लहान पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. त्यामुळे वाडीतल्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदाच बोलवावं. लस बर्फात आणायची. कोमट झालेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

खुराड्याबद्दल आमच्या भागात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मुंगूस खालून उकरतो म्हणून जाळी जमिनीत हातभर गाडायची, हे सगळीकडेच करतात. इथे उसातून बिबट्या येतो. वरून उघडं खुराडं चालत नाही, आणि नुसती कोंबडीची षटकोनी जाळी तो पंजाने फाडतो. वेल्डेड जाळी आणि वर बांधलेला पत्रा हवा. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत, आणि दार लावायला लहान पोरांना पाठवायचं नाही.

आता अंडी. नव्या जागी आल्यावर अंड्यावरची कोंबडीसुद्धा काही दिवस अंडं देत नाही, घाबरू नये. पण विकत घ्यायच्या आधी कागदावर एक हिशोब मांडून बघाच. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. सत्तर धरा. मंचरमध्ये मला अंड्याला 15 रुपये मिळतात, म्हणजे झाले 1,050. कोंबडी बांधून ठेवली आणि सगळं खाद्य विकतचं घातलं तर ती रोज साधारण 110 ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला 40 किलो. 35 रुपये किलोने 1,400. कोंबडी हिंडून खाणार असेल, वर घरातलं धान्य निसून उरलेलं, शिळी भाकरी आणि संध्याकाळी मूठभर बाजरी एवढंच घालावं लागणार असेल, तरच पैसे उरतात. ज्यांच्याकडे मोकळं परस नाही त्यांनी गावरानच्या नादी लागू नये. ग्रामप्रियासारखी जात घ्यावी.

गिऱ्हाईक आधी शोधावं. मी निघायच्या आधीच सात-आठ घरं ठरवून ठेवली होती: बाळंतीण असलेलं घर, शाळेतले दोन शिक्षक, व्यायामशाळेत जाणारी पोरं. दुकानदार अंड्यामागे दोन-तीन रुपये कापतो आणि वर उधारी ठेवतो. हॉटेलवाल्याला रोज ठरावीक शंभर अंडी लागतात, ती आपल्याच्याने होत नाहीत. त्यापेक्षा आठवड्याचा वार ठरवून घरपोच द्यावीत आणि पैसे हातोहात घ्यावेत.

नवं गिऱ्हाईक दोन तक्रारी हमखास करतं. पहिली, अंडं लहान आहे. लहानच असतं, चाळीस ग्रॅमच्या आसपास. ते आधीच सांगून टाकावं. दुसरी शंका, हे चहाच्या पाण्यात रंगवलेलं तर नाही ना? असे उद्योग खरंच चालतात. त्यावर ओलं फडकं गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचं आणि पुसायला सांगायचं. एरवी अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक नैसर्गिक पापुद्रा असतो, तो गेला की अंडं लवकर खराब होतं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. कोंबडा असेल तर उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा उचलावीत, नाहीतर उकाड्यानेच आत गर्भ धरायला लागतो, आणि असं एक अंडं कुणाच्या तव्यावर फुटलं की ते घर तुटलंच. कवच पातळ येऊ लागलं तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, खाद्यात मिसळू नये. जिला हवा ती खाते.

बर्ड फ्लूची बातमी आली की गिऱ्हाईक एका रात्रीत गायब होतं. 2006 मध्ये देशातला पहिला उद्रेक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारकडच्या नवापूरला झाला, तेव्हापासून लोकांच्या मनात ती भीती आहे. पूर्ण शिजवलेल्या अंड्याने काही होत नाही हे सांगून बघावं, पण आपल्याच भागात उद्रेक झाला असेल तर गुपचूप विकत बसू नये. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर आधी दवाखान्यात कळवावं.

कधी जायचं, हे राहिलं. गटारीच्या आधीच्या सोमवारी जाऊ नका, त्या आठवड्यात कोंबडीला तोंडाला येईल तो भाव असतो. श्रावण लागला की खाणारं गिऱ्हाईक उठतं आणि बाया पडेल भावात देतात. अंड्याचं गिऱ्हाईकही महिनाभर थंड असतं, पण नव्या कोंबड्यांना रुळायला तेवढा वेळ लागतोच, आणि दसऱ्यानंतर थंडीची मागणी सुरू होते तेव्हा त्या अंड्यावर आलेल्या असतात. पाऊस मात्र असतो. क्रेटवर टाकायला ताडपत्रीचा तुकडा न्या, आणि एखादी भिजलीच तर तिला कोरडी करून मगच डालग्याखाली ठेवा.