उदीची... पुढे काय?

शाळेत आमच्या वर्गात चार वैशाली होत्या. बाईंनी हजेरीला नाव घेतलं की चौघीही उठायच्या. मग आडनावानं हाका सुरू झाल्या आणि दहावीपर्यंत मला माझ्या नावानं कुणी बोलावलंच नाही. पुण्यात या नावाला आणखी एक ताप आहे, वैशाली हॉटेलचा. 'संध्याकाळी वैशालीत भेटू' असं माझ्यासमोर कुणी म्हणालं की पुढचा विनोद काय येणार ते मला आधीच कळतं. गेली तीस वर्षं मी त्यावर हसत आले आहे. नावाचा अर्थ विचारला तर आईचं उत्तर ठरलेलं, "कानाला बरं वाटलं, ठेवलं." वैशाली ही बिहारमधली लिच्छवींची राजधानी, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तोवर माझा आणि डोशाचाच काय तो संबंध.

त्यामुळे धाकट्या भावाला मुलगी झाली आणि तो म्हणाला, "ताई, कुणाचंच नसेल असं नाव हवंय," तेव्हा ते माझ्याइतकं कुणाला पटणार? शिवाय मी आत्या. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान माझा. माहेरच्या ज्या हक्कावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही, असा हा एकच.

भाऊ हिंजवडीला आयटीत. त्यानं लगेच एक्सेल शीट केली. नाव, अर्थ, जोडाक्षर आहे का, परदेशात उच्चारता येईल का, ओळखीत आधीच कुणाचं आहे का, असे रकाने. शेवटच्या रकान्यात वहिनी फुल्या मारत सुटली. अन्वी सोसायटीत दोन, इरा समोरच्याच फ्लॅटमध्ये, मायरा तिच्या मावसबहिणीची. गंमत म्हणजे ही सगळी नावं त्या त्या घरात 'युनिक' म्हणूनच ठरली होती. वरच्या मजल्यावरच्या रेयांशच्या बाबांना मी लिफ्टमध्ये अर्थ विचारला. "सूर्याचा अंश," ते म्हणाले. 'रे' हा इंग्रजीतला किरण असणार, त्याला संस्कृत अंश जोडलेला. मिसळीवर चीज घालून खाणाऱ्या शहरात याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही, तरी मी तळमजल्यापर्यंत मनातल्या मनात केली.

न्यू जर्सीतल्या मामेबहिणीनं व्हिडिओ कॉलवर वेगळाच तोडगा सुचवला. तिकडे सोशल सिक्युरिटीच्या खात्याकडे १८८० पासूनची मोजदाद आहे, कोणत्या वर्षी जन्मलेल्या किती मुलांचं कोणतं नाव. वर्षभरात पाचपेक्षा कमी मुलांना ठेवलेलं नाव त्या यादीत येतच नाही. म्हणजे यादीत न सापडणं हीच नावाची खरी परीक्षा. आपल्याकडे अशी यादी नाही, पण घसरगुंडी आहे. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत तिच्यापाशी उभं राहायचं, "आरोहीऽऽ" अशी हाक घालायची आणि किती माना वळतात ते मोजायचं. मी घालून पाहिली. तीन मुली वळल्या, आणि एक आजी.

मधे आईनं पंचांग काढलं. कृत्तिका नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'उ'. भाऊ म्हणाला, असलं काही आम्ही मानत नाही. आई म्हणाली, "बरं, मी गप्प बसते." आमच्या घरातले सगळे वाद या वाक्यापाशी संपतात. 'उ' ठरला.

तसं पाहिलं तर पोरगी नशिबाची. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं पंचांगात वाटून दिलेली आहेत आणि ती वाटताना पुढच्या आत्यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ', हस्ताच्या तिसऱ्याला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. 'ञ'वरून नाव काढा म्हटलं तर कुणाचंच नसेल असं नाव आपोआप मिळेल.

'उ'वरून काढलेली बहुतेक नावं वहिनीच्या मते आज्यांची निघाली. उषा, उर्मिला, उज्ज्वला. उमा मला फार आवडतं. पार्वती तपाला निघाली तेव्हा आई तिला म्हणाली 'उ, मा', म्हणजे 'अगं, नको', आणि तेच तिचं नाव पडलं, अशी फोड कालिदासानं कुमारसंभवात केली आहे. आईच्या 'नको'वरूनच नाव पडणं, याहून खरं बारसं कुठलं? पण वहिनीच्या सख्ख्या आजीचं नाव उमा, आणि ती आजी अजून वहिनीच्या आईला ऐकवत असते. फुली.

शेवटी मी बाबांच्या कपाटातला आपट्यांचा संस्कृत कोश काढला. वामन शिवराम आपटे फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, कोश १८९० सालचा. आमच्याकडची प्रत अर्थात पुढच्या आवृत्तीची, बांधणी सुटलेली, मधे बाबांचं एक जुनं वीजबिल खूण म्हणून. एका माणसानं 'अ'पासून 'ह'पर्यंत नेलेला कोश घरात असणं ही केवढी सोय! डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे, कोटभर चिठ्ठ्या, पिढ्यान्‌पिढ्या विद्वान, आणि छापलेले खंड मोजले तर गाडी 'अ'मध्येच. 'उ'साठी त्यांच्यावर विसंबलो असतो तर भाचीच्या पणतीचं बारसं झालं असतं. (हे मी आदरानं म्हणते आहे. पुण्यात घाई न करणारी एक तरी जागा उरली आहे.)

तिथे सापडली उदीची. उत्तर दिशा. प्राचीची बहीण म्हणा ना. प्राची म्हणजे पुढे वळलेली, प्रतीची मागे वळलेली, अवाची खाली गेलेली आणि उदीची वर गेलेली. यात एक माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा आहे. समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, आणि 'दक्षिण' म्हणजे तर उजवा हातच. मी ते भावाला हात पसरून, हॉलमध्ये गोल फिरून दाखवलं. शांतिनिकेतनात उत्तरायणच्या आवारात रवींद्रनाथांची पाच घरं आहेत, उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च आणि उदीची. तिथेच अमर्त्य सेनांच्या घराचं नाव प्रतीची, आणि 'अमर्त्य' हे नाव रवींद्रनाथांनी ठेवलेलं. भावानं शीट उघडली. नोबेलचे दोन मानकरी एका रकान्यात आले म्हटल्यावर तो विरघळलाच. ओळखीत कुणाचं नाही. जोडाक्षर नाही. नाव नक्की.

आई दाराशी भाजी निवडत होती. "उदीची?" म्हणाली आणि थांबली.

"हो, उदीची."

"उदीची काय?"

"काय म्हणजे?"

"अरे, उदीची... पुढे काय?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. बंगाल्यांना ही अडचण येत नसणार, मराठीत मात्र हे नाव षष्ठीत उभं आहे. कशाची? उदीची. वाक्य अर्धवट सोडल्यासारखं. प्राचीला कुणी 'प्रा.ची काय' असं विचारत नाही, कारण 'प्रा.' म्हणजे फार तर प्राध्यापक आणि त्यांचं कोण काय विचारतंय. पण उदी घराघरात आहे. शिवाय पुढचा प्रत्यय लावून बघा. उदीचीची वही. उदीचीचं दप्तर. शिंक येता येता राहिल्यासारखं.

"दिशाच हवी तर सरळ उत्तरा ठेवा," आई म्हणाली. "अभिमन्यूची बायको."

"आई, तिचं पुढे काय झालं ते माहीत आहे ना?" वहिनी म्हणाली. उत्तरा तिथेच संपली.

मग आईनं मेथीच्या काड्या बाजूला सारत सहज सांगितलं की तिच्या मोठ्या काकांचं नाव धोंडू होतं. त्यांच्या आधीची तीन मुलं गेली होती. "वेगळं नाव आमच्याकडेही ठेवायचे," ती म्हणाली, "काळाला हे पोर न्यावंसं वाटू नये म्हणून." दगडू, धोंडू, केरू या नावांचे अर्थ शोधायला कोश लागत नाही. नकुशीलाही लागत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून जास्त नकुशींची नावं समारंभ करून बदलली, ती बातमी आईनं कापून ठेवली होती. भाऊ जरा वेळ शीटकडे बघत राहिला. अशा नावांसाठी तिच्यात रकानाच नव्हता.

एवढं होऊनही उदीचीच ठरली. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी म्हणून भाऊ धावपळ करत होता. मी म्हटलं, नोंद वेळेत कर, नावाची घाई नको. १९६९च्या कायद्यात नाव वर्षभरात फुकट घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पंधरा वर्षं म्हणजे पोरगी दहावीला आली, तिनंच ठरवावं. पण त्याला थांबायचं नव्हतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव लागतं. तीन डबे, पुढे इंजिन उदीची. ते त्याला दिसायला छान वाटलं.

बारसं हॉल मिळाला त्या रविवारी झालं, सव्वा महिन्यानं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करून पाळण्याखालून वरून झालं, आणि मी कानात सांगितलं. पाठीवर बायकांचे धपाटे बसत होते, त्यात 'ची' गळला असणार. पुढच्या रांगेतली कुणीतरी मागे सांगत होती, "ऊर्वी ठेवलं गं." घुगऱ्या घेऊन जाणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी आमची भाची अजून ऊर्वी आहे.

बाळाला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींना मात्र एका दमात कळलं. तेल चोळता चोळता त्यांनी नाव विचारलं. वहिनीनं सांगितलं आणि आता 'पुढे काय' येणार म्हणून वाट बघत राहिली. मावशींनी काहीच विचारलं नाही. पायावर पालथ्या घातलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबांची आहे होय. चांगलं केलंत, बाई." दुसऱ्या गुरुवारी येताना त्यांनी ब्लाउजमधून कागदाची बारीकशी घडी काढली, शिर्डीहून आणलेली. वहिनीला न विचारताच ती दुपट्याच्या आत सारली.

भावानं ती रात्री पाहिली. तो असलं काही मानत नाही. त्यानं घडी उघडली, वास घेतला, परत होती तशी घातली आणि दिवा मालवला. आता उदीचीच्या उशाशी उदीची पुडी असते.