उलटा करा

माझा नंबर यायला अजून बराच वेळ होता, मोबाइलने मान टाकली होती आणि टेबलावरची मासिकं इतकी जुनी होती की त्यांतली वार्षिक भविष्यंसुद्धा खोटी ठरून झाली असतील. अशा रिकाम्या दुपारी माणूस भिंती वाचायला लागतो. भिंतीवर, दाराच्या अंगाला, तो होता. लाल, तुकतुकीत. आणि त्याच्या मुठीला कुणीतरी छत्री अडकवली होती.

ही छत्री मला सहन होत नाही. छत्री, पिशवी, ओला टॉवेल, काहीही. अग्निशामकाला खुंटी समजणारी एक जमात आहे. त्याच्यापुढे कुंडी सरकवून "आता कसं छान दिसतंय" म्हणणारी दुसरी. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यालाच दाराशी टेकवणारी तिसरी. या तिघींशी माझं या जन्मी पटायचं नाही. जुन्या लोकांनी निदान बादल्यांच्या बाबतीत या मंडळींचा बंदोबस्त केला होता. वाळूच्या त्या लाल बादल्यांचं बूड गोल असतं, म्हणजे ती जमिनीवर उभीच राहत नाही. आकड्याला टांगा, नाहीतर हातात धरा. फरशी पुसायला कुणी ती पळवून नेत नाही, कारण नेऊन ठेवणार कुठे? माणसाचा स्वभाव ओळखून केलेली इतकी बेरकी वस्तू दुसरी नसेल.

असो. मी उठले, छत्री खुर्चीच्या पाठीला लावली आणि उठलेच आहे तर म्हणून दाबाचा काटा पाहिला. हिरव्यात होता. सुतळीने बांधलेलं कार्ड उलटून पाहिलं. तारीख ठीक, सही अगम्य. पिन जागेवर, सील शाबूत. मी हे करायला लागले की घरचे दुसरीकडे बघतात.

लेबलावर चार चित्रं होती. पिन ओढा, तोंड आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, इकडून तिकडे फिरवा. चित्रातला माणूस कमालीचा शांत. त्याच्या पुढ्यातल्या ज्वाळाही तशाच, रांगेत उभ्या राहिल्यासारख्या. मला दर वेळी वाटतं, खरी आग लागल्यावर ही चार कामं क्रमाने कुणाला आठवणार? पिन ओढायच्या आधीच मूठ दाबून धरली तर पिन अडकते आणि निघत नाही. घाबरलेला हात नेमका मूठच दाबतो.

माझ्या मनातला अग्निशामक मात्र हा नाहीच. त्याला एवढं काही सांगावं लागत नसे. डोकं आपटा, उलटा करा, की झालं.

'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' आठवलं? निमुळतं भांडं, वर ठोकायची खुंटी, आत जाळीत बसवलेली काचेची कुपी, बाजूला तोटी. कुपीत संहत सल्फ्युरिक आम्ल, भांड्यात सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. द्रावण दाखवायला तुटक आडव्या रेघा काढायच्या. त्या रेघा काढताना मला इतकं बरं वाटायचं की मी त्या गरजेपेक्षा जास्तच काढत असे. भांडं काठोकाठ भरायचं आणि मग कुपी बुडते का काय अशी शंका यायची. बाण मात्र फुटपट्टीने. खाली समीकरण, समीकरणाच्या दोन्ही बाजू मोजून संतुलित केलेल्या. आणि शेवटी ते हमखास गुण देणारं वाक्य : कार्बन डायऑक्साइड वायू ज्वलनास मदत करत नाही, त्यामुळे आग विझते.

मग एकदा शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक झालं. मोडक्या बाकांचा ढीग पेटवला होता. आम्ही अर्धगोलात उभे, पुढच्या रांगेतल्यांना मागे सरकवण्यात एक सर गुंतलेले. खाकी कपड्यांतल्या माणसाने भांडं उचललं, खुंटी एका दगडावर दाणकन आपटली. आत काच फुटल्याचा बारीक आवाज आला, की तो मला यायला हवा होता म्हणून आला, देव जाणे. त्याने भांडं उलटं केलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग तोटीतून सणसणीत धार सुटली.

पाण्याची.

माझा इतका विरस झाला होता की सांगता येत नाही. मला धूर हवा होता. पांढरा, जड, जमिनीवरून सरपटत जाणारा वायू, जो आगीला घेरेल आणि गुदमरवून मारेल. समीकरणात तसं लिहिलेलं होतं! आणि इथे आपलं साधं, किंचित फसफसणारं पाणी. शेजारची मुलगी म्हणाली, "मग नळालाच पाइप लावायचा ना." बाक विझले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

त्या धारेचं कोडं पुढे कधीतरी उलगडलं आणि तेव्हापासून मी या यंत्राच्या प्रेमात आहे. आग विझवायची ती पाण्यानेच, पेटत्या लाकडाची धग काढून घेऊन. वायूचं मुख्य काम हमालाचं. तो पाण्याला मागून ढकलतो, इतकंच. नळाला पाइप लावायचा तर नळ हवा, नळाला पाणी हवं, पाण्याला जोर हवा, आणि हे सगळं आग लागेल त्याच खोलीत हवं. खरा प्रश्न पाण्याचा नव्हताच, जोराचा होता. दहा-वीस वर्षं कोपऱ्यात पडून राहील आणि मागाल त्या क्षणी हजर होईल असा जोर साठवायचा कसा?

आधीच्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले होते. लंडनच्या अँब्रोझ गॉडफ्रे नावाच्या रसायनज्ञाने १७२३ मध्ये एक पेटंट घेतलं. आग विझवणाऱ्या द्रवाने भरलेलं पिंप आणि त्याच्या मधोमध बंदुकीची दारू. वात पेटवायची आणि पिंप आगीत जाऊ द्यायचं, स्फोटाने द्रव चहूकडे उडतो. पेटत्या खोलीत दारूगोळा घेऊन जाणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार. पुढे १८१८ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी आला. बुडत्या जहाजांकडे तोफेने दोर फेकायची युक्ती काढणारा तोच हा. त्याने तांब्याच्या भांड्यात तीन गॅलन पोटॅशचं पाणी भरलं आणि वर हवा दाबून बसवली. तोटी उघडली की धार. आजचा, माझ्या समोरचा लाल सिलिंडर म्हणजे खरं तर मॅन्बीचाच नातू. फक्त पाण्याऐवजी पावडर आणि हवेऐवजी बहुधा नायट्रोजन.

पण दाबून भरलेली हवा टिकत नाही. कोनाड्यात ठेवलेली सायकल पंक्चर न होताही दोन महिन्यांत बसते, हे कुणालाही ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चामड्याच्या वायसरांनी वर्षानुवर्षं दाब धरून ठेवावा अशी अपेक्षाच चुकीची. आणि ऐन वेळी भांडं फुस्स निघालं तर?

इथे ती युक्ती येते. दाब साठवायचाच नाही. दाबाची सामग्री साठवायची. १८६६ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वा कार्लिए याने टार्टारिक आम्ल आणि सोडा, म्हणजे आपलं सोडियम बायकार्बोनेटच, यांच्या जोरावर चालणारं यंत्र काढलं. पुढे टार्टारिकच्या जागी सल्फ्युरिक आम्ल आलं आणि आपली परीक्षेतली आकृती तयार झाली. जो दाब अजून जन्मालाच आलेला नाही तो गळणार कुठून? मला तर हे सुचलेल्या माणसाला दंडवत घालावासा वाटतो.

त्यातला एक प्रकार तर इतका साधा की त्याला खुंटीसुद्धा नाही. कुपी फोडायचीच नाही. तिच्या तोंडावर शिशाचं एक बूच नुसतं ठेवलेलं, घट्ट बसवलेलं नाही. भांडं सरळ आहे तोवर बूच आपल्या वजनाने बसून राहतं. उलटं केलं की तेच वजन त्याला खाली ओढतं, बूच थोडं सरकतं आणि फटीतून आम्ल एकदम न ओतता बेताबेताने येतं. शिसं का? कारण सल्फ्युरिक आम्ल शिशाला फारसं खात नाही, आणि बूच नसेल तर ते आम्ल हवेतली ओल पीत बसतं, पातळ होतं, कुपीत चढत जातं. कळ नाही, स्प्रिंग नाही, दट्ट्या नाही. गुरुत्वाकर्षण तेवढं कामाला लावलेलं, आणि ते रजेवर जात नाही.

मापंही मोठी विचारपूर्वक. अमेरिकी धाटणीच्या अडीच गॅलनच्या, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरच्या भांड्यात दीड पौंड सोडा आणि फक्त चार औंस आम्ल, जेमतेम १२० मिलिलिटर. एवढ्याशा आम्लातून शंभरेक लिटर वायू निघतो, आणि त्याला भांड्यात जागा असते लिटर-दोन लिटरची. तो करणार काय? पाण्याला हाकलणार. धार तीस-चाळीस फूट जाते आणि मिनिटभर पुरते. सोडा मात्र लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट घातलेला, म्हणजे आम्लाचा थेंबही न मुरता बाहेर पडून कुणाच्या अंगावर जायला नको. समीकरणाच्या दोन्ही बाजू संतुलित करायला लावणाऱ्यांनी हे सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. इथे शहाणपण असंतुलनात होतं.

याचे भाऊबंदही होते. बाकूच्या तेलविहिरींच्या आगी बघून अलेक्सांद्र लोरान या रशियन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेसाचं तंत्र काढलं, कारण पेटत्या तेलावर पाणी टाकलं की पाणी खाली आणि जळतं तेल वर. पुढे फेसाची भांडीही उलटीच करायची निघाली : आतल्या एका कप्प्यात सोडा, दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, आणि फेस लवकर विरू नये म्हणून चक्क ज्येष्ठमधाचा अर्क. पायरीन कंपनीचा पितळी हातपंप दिसायला सगळ्यांत देखणा, आत कार्बन टेट्राक्लोराइड. ते तापलं की फॉस्जीन तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलावंसं वाटत नाही.

मला सोडा-आम्लाचं अप्रूप वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी. त्याला बंद करायची सोय नव्हती. आजच्या सिलिंडरची मूठ सोडली की धार थांबते, माणसाला दोन मनांत पडायला वाव राहतो. त्या जुन्याला एकदा उलटा केला की संपला, आतलं सगळं बाहेर येणार, हवं असो वा नसो. थोडीशी आग, थोडंसं पाणी असला हिशेब नाही. रिकामा झाला की पुन्हा धुवा, सोडा विरघळवा, कुपी भरा. वापरला नाही तरी वर्षातून एकदा हे करायचंच. ते काम करणाऱ्याला दर वर्षी एकदा तरी भांडं उलटं करायला मिळत असणार. केवढं सुख!

आता तुम्ही म्हणाल, मग ते गेलं का? विजेच्या आगीवर पाण्याची धार चालत नाही, तेलावर चालत नाही, थंडीत पाणी गोठतं, ही कारणं सगळीकडे सापडतात आणि खरीही आहेत. पण एक कारण त्या युक्तीच्या पोटातच होतं.

समोरचा लाल सिलिंडर चोवीस तास दाब सोसत उभा असतो. कुठे सांधा गळला तर काटा खाली येतो, तपासणाऱ्याला दिसतो. जुन्या भांड्याला एरवी काही सोसायचंच नव्हतं. तांब्याचा पत्रा, रिव्हेट मारलेले, डाख दिलेला. आतून तो वर्षानुवर्षं कुरतडला जायचा, तोटीत कचरा बसायचा, बाहेरून पॉलिश लखलखीत. भांडं धड आहे की नाही हे कळायची वेळ म्हणजे ते कुणाच्या तरी छातीशी उलटं झाल्याची वेळ. तोटी तुंबलेली असली तर शंभर लिटर वायूला बाहेर वाट नाही, आणि त्याला थांबवायला कळ नाही. अशी भांडी फुटली. माणसं जखमी झाली, काही दगावली. अमेरिकेत १९६९ मध्ये उलट्या करायच्या अग्निशामकांचं उत्पादन थांबलं, आणि १ जानेवारी १९८२ पर्यंत रिव्हेटची नि डाखाची असली भांडी कामाच्या जागांवरून कायमची काढून टाका, असा नियम झाला.

ज्यांच्या हातात ती फुटली त्यांच्यातल्या कुणी काही चुकीचं केलं असेल असं मला वाटत नाही. उलटा करा, असं त्यावर लिहिलेलं होतं.