कानातले पाळकसाहेब

नेपरव्हिलहून शिकागोच्या युनियन स्टेशनला जाणारी सकाळची लोकल फार शांत असते. दारात लोंबकळणारं कुणी नाही, ‘जरा सरकून घ्या’ नाही, भजनी मंडळ तर नाहीच. जो तो कानात काहीतरी खुपसून बसलेला. कुणी बातम्या ऐकतं, कुणी बेसबॉल, आणि बरेच जण खुनाच्या गोष्टी. भल्या सकाळी या लोकांना खुनाच्या गोष्टी का लागतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. माझ्या कानात पॉडकास्टवरचा संदेश असतो. व्हॉट्सॲपवरचा नव्हे, आपल्या चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब देतात तसला.

नगरला फोन केला की मावशी हमखास विचारते, ‘तिकडे मंडळी आहे ना गं, की सगळं मोबाइलवरच?’ मंडळी आहे. महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस मराठी घरं एकत्र जमतो, एका अमेरिकन चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. पाळकसाहेब नाहीत, त्यामुळे वचन सांगायची, म्हणजे बायबलच्या उताऱ्यावर बोलायची, पाळी आळीपाळीनं येते. माझीही येते. आणि त्यामुळेच हे पॉडकास्टचं ऐकणं नुसती करमणूक राहिलेलं नाही.

तसं पाहिलं तर मी राहते तो भागच या सगळ्याचं माहेरघर आहे. एकोणिसाव्या शतकातले उपदेशक डी. एल. मूडी यांची बायबल शाळा शिकागोत १८८६ साली सुरू झाली आणि तिचं रेडिओ स्टेशन १९२६ पासून चालू आहे. जगप्रसिद्ध उपदेशक बिली ग्रॅहम शिकले ते व्हीटन कॉलेज आमच्यापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर. त्याला लागून असलेल्या कॅरल स्ट्रीम गावात ख्रिस्ती पुस्तकांचे मोठे प्रकाशक. इथे गाडीचा रेडिओ फिरवला की दोन-तीन ठिकाणी तरी कुणीतरी पौलाची पत्रं उलगडत असतं. त्यातले बरेच आवाज आता पॉडकास्टवर गेले आहेत. क्लीव्हलंडजवळच्या चर्चचे अनेक वर्षं पाळक राहिलेले ॲलिस्टर बेग हे त्यातलेच एक. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही त्यांचा स्कॉटिश हेल गेलेला नाही आणि मला तो आवडतो. बाहेरून आलेल्या माणसाचा आवाज बाहेरून आल्यासारखाच वाटावा, यात मला उगाच दिलासा वाटतो.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात फारसं नवल वाटणार नाही. सेशेल्स बेटांवरून १९७० पासून फेबा या ख्रिस्ती रेडिओ संस्थेचे भारतीय भाषांतले कार्यक्रम शॉर्टवेव्हवर येत. खरखर, मध्येच चिनी गाणं, मग पुन्हा वचन. ते प्रक्षेपण २००३ मध्ये थांबलं. तेव्हा ठरावीक वेळेला रेडिओजवळ बसावं लागे. आता वेळ आपण ठरवायची, वेगही आपणच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ सगळं दीडपट वेगानं ऐकतात. संदेशापर्यंत ठीक आहे, पण शेवटची प्रार्थनाही दीडपट? मी तेवढं पथ्य पाळते.

आता मुद्द्याचं. स्वतःच्या आत्म्यासाठी ऐकणं आणि दुसऱ्यांना सांगण्यासाठी ऐकणं, ही दोन निराळी कामं आहेत. एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतात. ज्याला पुढच्या रविवारी बोलायचं आहे, त्याचे कान दाखले गोळा करत फिरतात. चांगलं वाक्य आलं की तो पाप, पश्चात्ताप सगळं बाजूला ठेवून आधी वही शोधतो. म्हणून मी सकाळच्या गाडीत फक्त ऐकते, काही टिपत नाही. संध्याकाळच्या गाडीत हातात बायबल आणि पेन्सिल असते, आणि तेव्हा ऐकते ते वेगळंच.

संध्याकाळसाठी माझं आवडतं म्हणजे बायबल प्रोजेक्ट. पोर्टलंडच्या टिम मॅकी आणि जॉन कॉलिन्स यांनी २०१४ मध्ये हे काम सुरू केलं. लोकांना त्यांच्या चित्रफितीच जास्त माहीत असतात, पण त्यांच्या गप्पा ऐकण्यात खरी गंमत आहे. मॅकी हिब्रू शास्त्राचे पंडित आहेत, तर कॉलिन्स विचारणाऱ्याच्या जागी. ‘थांब, मला हे कळलं नाही’ असं तो बिनधास्त म्हणतो आणि पंडिताला पुन्हा मागे यावं लागतं. झाड, शहर, ज्येष्ठ पुत्र असा एकेक विषय घेऊन उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, आठवडेच्या आठवडे चालतात. आपल्याकडे बायबल अभ्यासात प्रश्न विचारणारा म्हणजे विश्वासात कच्चा, अशी एक समजूत आहे. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मी स्वतः अशी मुलं गप्प बसवलेली पाहिली आहेत. या दोघांचं ऐकल्यापासून आमच्या गटात मी एक रीत पाडली. उतारा वाचून झाला की आधी दहा मिनिटं फक्त प्रश्न. उत्तर द्यायला कुणालाच परवानगी नाही. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांना ती दहा मिनिटं फार जड जातात.

दुसरे टिम केलर. १९८९ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमध्ये रिडीमर चर्च सुरू केलं, २०२३ च्या मे महिन्यात ते वारले, पण त्यांचे संदेश पॉडकास्टवर अजून येत असतात. हात उंचावणं नाही, आवाज चढवणं नाही. समोर बसलेल्यांत निम्मे लोक विश्वास न ठेवणारे आहेत, असं धरून हा माणूस बोलतो. मला वाटतं, म्हणूनच तो आपल्या लोकांना जवळचा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का. शेजारी, सहकारी, शाळेतले सोबती सगळे दुसऱ्या श्रद्धेचे, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. अमेरिकेच्या अंतर्भागातल्या उपदेशकाला ते शिकावं लागतं. निवडणुकीच्या वर्षात तर इथले काही ख्रिस्ती पॉडकास्ट असे तापतात की येशूचं नाव ऐकायला अर्धा तास थांबावं लागतं. ते मी सरळ बंद करते.

लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसतो. त्यावर केलर बोलले की सगळा रोख थोरल्या मुलावर ठेवत. घरात राहून, सगळं पाळूनही तोही बापापासून दूरच, असं त्यांचं म्हणणं. हा संदेश ऐकला आणि महिनाभरानं माझी बोलायची पाळी होती. त्यांचे न्यूयॉर्कचे दाखले आमच्या तळघरात काय कामाचे? मग मी ते सगळे सोडून दिले आणि उतारा घेऊन बसले. बघता बघता लक्षात आलं की आमच्या हॉलमध्ये बसलेले झाडून सगळे धाकटे आहेत. दूर देशी गेलेले. उधळे नाहीत, उलट पैसे पाठवणारे, पण गेलेले. थोरला नगरला आहे, श्रीरामपूरला आहे, जालन्याला आहे. आईला डायलिसिसला नेणारा तो, घरपट्टी भरणारा तो, पावसाळ्याआधी पत्रे बदलणारा तो. आणि धाकटा नाताळात तीन आठवडे येतो तेव्हा मटण शिजतं, शेजारीपाजारी जमतात, आई त्याच्याच ताटात वाढत राहते. ‘मला कधी करडूही दिलं नाही’ ही थोरल्याची तक्रार मी वाचली तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. चहाच्या वेळी दोघांनी स्वतःहून सांगितलं, भावाशी बोलणं बंद आहे. कारण तेच, जमिनीची वाटणी. दाखल्याची सुरुवातही वाटणीनंच होते.

माझ्या त्या संदेशात केलरचं एकही वाक्य नव्हतं, पण त्यांचं ऐकलं नसतं तर मी थोरल्याकडे वळलेच नसते. सेवाकार्यासाठी ऐकायचं ते याकरता. समोरच्यानं उतारा कुठे उघडला, कशावर थांबला, कशाकडे काणाडोळा केला, हे बघायचं. त्याची चटणी-भाकरी उचलून आपल्या पानात वाढायची नाही. आमच्याकडे एका तरुण भावानं असंच केलं. टॅक्सी ड्रायव्हरशी झालेला एक संवाद त्यानं इतका रंगवून सांगितला की जणू काल घडला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी तो भाग त्याच आठवड्यात ऐकलेला होता. त्या एकमेकींकडे बघून नुसत्या हसल्या, बोलल्या काही नाहीत, पण जेवणाच्या वेळी एकीनं त्याला विचारलंच, ‘काय हो, तुम्ही न्यूयॉर्कला कधी गेला होता?’

चर्च चालवणाऱ्यांसाठी इथे नेतृत्वाचे पॉडकास्टही ढिगानं आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. पार्किंगची टीम, पाहुण्यांच्या स्वागताची टीम, पाचशेवरून हजारावर कसं जायचं. आमच्याकडे स्वागताची टीम म्हणजे दारात थर्मास घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी. त्यातला थकव्यावरचा, सेवकानं विश्रांती कधी आणि कशी घ्यावी यावरचा भाग मात्र आपल्याकडच्या प्रत्येक पाळकसाहेबांनी ऐकावा. चार-चार गावं सांभाळणारे आणि आजारी पडल्याशिवाय न थांबणारे पाळक मी लहानपणापासून पाहते आहे.

कानात रोज येणारा माणूस मात्र फार लवकर आपला वाटायला लागतो. आवाज ओळखीचा, विनोद ओळखीचे, बायकोमुलांच्या गोष्टी पाठ. त्याला आपलं नावही माहीत नसतं आणि आपल्याला त्याचं घर. सिएटलच्या मार्स हिल चर्चची कहाणी याच अमेरिकेतली. तिथले पाळक मार्क ड्रिस्कॉल यांचे संदेश जगभर डाउनलोड होत. चर्चच्या शाखा पाच राज्यांत पसरल्या आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्यांचा संदेश पडद्यावर दाखवत. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या हुकूमशाही वागण्याच्या तक्रारींच्या चौकशीनंतर, त्यांनी राजीनामा दिला आणि २०१५ उजाडता उजाडता ते सगळं चर्चच विसर्जित झालं. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकानं २०२१ मध्ये यावर एक मालिका काढली, तीही पॉडकास्टच. ती ऐकताना मी दोनदा माझा थांबा चुकवता चुकवता राहिले. सहकाऱ्यांना बैठकीत कसं वागवलं जात होतं, ते संदेशात ऐकू येत नव्हतं. येणार तरी कसं?

आपल्या लोकांना याहून जास्त लागलं ते ख्रिस्ती व्याख्याते रवी झकरायस यांचं. चेन्नईत जन्मलेला माणूस, जगभर नाव, पुण्या-मुंबईतल्या कितीतरी तरुणांनी त्यांची व्याख्यानं कानात घालून शंकांची उत्तरं शोधली. मे २०२० मध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांच्या अहवालानं त्यांच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे ठरवले. माझ्या एका चुलतभावानं त्यानंतर कुणाचंच ऐकणं सोडलं. मी त्याला समजवायला गेले नाही. एवढंच म्हणाले की आपल्या गावातल्या पाळकसाहेबांचं ऐक. ते कंटाळवाणे बोलतात हे खरं, पण ते कसे जगतात हे तुला दिसतं. आजोबांच्या मयतीला रात्रभर तेच बसले होते.

वसईची एक मैत्रीण आहे इथे, कॅथलिक. तिनं मला फादर माइक श्मिट्झ यांच्या वर्षभरात बायबल वाचून दाखवणाऱ्या पॉडकास्टची ओळख करून दिली. जानेवारी २०२१ मध्ये तो सुरू झाला आणि ॲपलच्या यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसला. रोज वीस-पंचवीस मिनिटं, ३६५ भाग. वाचन, थोडं विवेचन, प्रार्थना, बस. आमच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नसलेली सात पुस्तकं त्यांच्यात आहेत, त्यामुळे मक्काबींची लढाई मी पहिल्यांदा ऐकली ती कांदा चिरताना. आम्ही दोघी एकाच वेळी ऐकायला लागलो आणि लेवीय या यज्ञविधींच्या पुस्तकाच्या सुमारास दोघीही रेंगाळलो. पण एकमेकींना ‘कुठवर आलीस?’ विचारत पुढे सरकलो. एकटीनं ऐकलं असतं तर मी यज्ञपशूंपाशीच थांबले असते.

हे सगळं इंग्रजी, हे मला मान्य आहे. मावशीला याचा काय उपयोग? मराठी ऑडिओ बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, ते मी तिला लावून दिलं आहे. पुण्याची रविवारची नऊची उपासना आम्हाला हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेनऊला दिसते, तीही चांगली असते. पण खास ऐकण्यासाठी केलेलं, पंधरा-वीस मिनिटांचं, कुणी ओरडत नाही असं मराठी फार थोडं सापडतं. ज्या भाषेत ख्रिस्ती कीर्तनं झाली, त्या भाषेत हे जमू नये असं काही नाही.

म्हणून सध्या आम्ही तळघरातलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घरोघरी पाठवतो. प्रश्नांची दहा मिनिटं त्यात तशीच ठेवतो, काकांच्या उसाशांसकट. लूकचा थोरला मुलगा श्रीरामपूरपर्यंत पोहोचला, असं कळलं. जालन्याच्या एका आजींचा निरोप आला आहे की बोलता बरं, पण आवाज फार बारीक येतो आणि मागे कुणीतरी सारखा कप आपटतं. माइक घ्यायचा की कपांचं काहीतरी करायचं, यावर पुढच्या बैठकीत बोलणं व्हायचं आहे.