माझा अनुभव : बाबांच्या एलपी आणि हरवलेला तंबोरा

बाबा गेल्यावर सदाशिव पेठेतल्या घरात त्यांच्या ६४ एलपी राहिल्या. दोन पावसाळे कपाट उघडलंच नाही. उघडलं तेव्हा कव्हरांवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. त्याच दिवशी ठरवलं, सगळ्या रेकॉर्ड संगणकावर घ्यायच्या.

प्लेअर बाबांचाच होता. सुई नवी घेतली आणि तपकीर गल्लीतून एक फोनो प्रीअँप आणि यूएसबी साउंड कार्ड आणलं. प्रीअँप टाळू नका. रेकॉर्डवर खोबणी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे वाढवतात, नाहीतर खोबणी इतकी रुंद होईल की एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं मावणार नाही. प्रीअँप हा तोल पुन्हा सरळ करतो. तो नसला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो.

रेकॉर्ड पुसायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मऊ कापड. खोबणीच्या दिशेनंच गोल पुसायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवायचा. एका रेकॉर्डचं पाणी अक्षरशः चहासारखं निघालं.

मग घुंईऽऽ असा आवाज. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. प्लेअरमधून एक बारीक सुटी वायर निघते, ती मी निरुपयोगी समजून मागे गुंडाळून ठेवली होती. तीच ग्राउंडची. प्रीअँपच्या स्क्रूला बांधली आणि घुंई बरीच गेली. उरलेली लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली. तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवर, आणि तेही रात्री दहानंतर, कारण खोलीत कुणी जोरात चाललं तरी सुईला धक्का कळतो.

आवाजाची पातळी ठरवताना पहिली चूक केली. भीमसेन जोशींची एलपी लावली आणि विलंबितावर, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागावर, पातळी जुळवली. द्रुतातल्या, म्हणजे जलद भागातल्या, ताना आल्या आणि सगळं फाटलं. फाटलेला आवाज नंतर कशानंही शिवता येत नाही, ती बाजू पुन्हाच घ्यावी लागते. आता आधी सुई शेवटाकडे ठेवून सगळ्यात जोरकस जागा ऐकते आणि ती उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावते. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेते. एका बाजूची फाइल जवळपास ७०० एमबी होते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवली की बरीच लहान होते आणि आवाजातलं काहीच जात नाही.

खरा धडा मात्र खरखर काढताना मिळाला. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखरीचा नमुना निवडून द्यायचा असतो, मग तसा आवाज सगळीकडून वजा होतो. मी सुरुवातीची पाच सेकंदं निवडली. निकाल स्वच्छ, शांत. कौतुकानं आईला हेडफोन लावून दिला. ती दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, “अगं, तंबोरा कुठं गेला?”

खरंच नव्हता. त्या पाच सेकंदांत खरखरीच्या तळाशी तंबोरा हळू वाजत होता. एकसारखा, न थांबता. सॉफ्टवेअरच्या लेखी एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे खरखरच. त्यानं तो संपूर्ण गाण्यातून उचलून नेला आणि गायकाचा आवाज आधाराशिवाय उघडा पडला. नमुना गाण्याआधीच्या, नुसती सुई फिरते त्या खोबणीतून घेतला, तरी जोर जास्त दिला की तंबोऱ्याच्या तारा पाण्यात बुडाल्यासारख्या येतात. मी ते साधन पूर्ण सोडलं. आता फक्त मोठे टक्-टक् आवाज एकेक शोधून हातानं काढते. बारीक खरखर राहू देते. एका बाजूला तासभर जातो, जाऊ दे.

४१ एलपी झाल्या. हिराबाई बडोदेकरांच्या लाखेच्या तबकड्या शेवटी घेणार आहे. त्यांची खोबणी रुंद असते, त्यामुळे जाड टोकाची वेगळी सुई लागते. आणि त्या पुसताना अल्कोहोल अजिबात नाही, लाख विरघळते. आईनं आज रात्रीसाठी माणिक वर्मांची एलपी काढून, पुसून, टेबलावर ठेवली आहे.