अकरा टक्के की पाव किलो

मार्च एंडला लोकलमधली निम्मी माणसं एक्सेलमध्येच असतात, मीही. फरक एवढाच की माझ्या शीटमध्ये मका असतो. ऑफिस लोअर परळला, चौदावा मजला, खिडकीतून दिसतात त्या फक्त क्रेन. काम म्हणजे सिल्लोडकडच्या शेतांवरून आलेले आकडे तपासून, फंड देणाऱ्यांसाठी रिपोर्ट बनवणं. खरिपात ताग पेरायचा, फुलावर यायला लागला की हिरवळीचं खत म्हणून रानातच गाडायचा, मग त्याच रानात रब्बीचा मका. शेजारी एक एकर नेहमीसारखा, ताग नाही. दोन्हीचं उत्पन्न मोजायचं, बस्स.

त्या दिवशी सर खुशीत होते, कारण तागावरचा मका अकरा टक्के जास्त निघाला होता आणि स्लाइडवर हिरवा बाण पण चढला होता. मला मात्र ते काही पचेना. दोन्ही रानांना युरिया पूर्ण दिलेला, शीटमध्ये तसंच लिहिलेलं. मक्याला शिफारशीप्रमाणे हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन) मिळालं की वरून तागाचं नत्र येऊन एका हंगामात एवढा फरक पडावा? शिवाय ताग ऑगस्टमध्ये गाडलेला आणि मका ऑक्टोबरअखेरीस पेरलेला, मधल्या पावसात त्यातलं किती नत्र वाहून गेलं असेल कोण जाणे.

म्हणून व्हॉट्सअॅपवरचे फोटो उघडले. आमचा फील्डवरचा भाऊ शीट भरताना आळशी आहे पण फोटो मात्र इमानदारीत काढतो. दहा बाय पाच मीटरचा चौकोन, दोरी, ताणकाटा, दाण्यांचं पोतं आणि कोपऱ्यात मॉइश्चर मीटर. एका काकांच्या तागावरच्या चौकोनातले दाणे ४० किलो, मीटरवर ओलावा २३ टक्के. साध्या रानातले ३६ किलो, मीटरवर १५. हा ओलावा शीटमध्ये कुठेच नाही, कारण तो कॉलमच कुणी ठेवला नव्हता!! मोंढ्यावरचा व्यापारी पोत्यात हात घालून सांगेल की हा माल ओला आहे, आणि आम्ही डिग्रीवाले पाणी मका म्हणून मोजत बसलेलो.

दोन्ही वजनं १४ टक्के ओलाव्यावर आणली, म्हणजे शंभरातून ओलावा वजा करून उरलेला कोरडा भाग भागिले ८६. ४० गुणिले ७७ भागिले ८६, म्हणजे ३५.८. दुसरं ३६ गुणिले ८५ भागिले ८६, म्हणजे ३५.६. फरक उरला पाव किलोच्या आत. तीनदा केलं, मग कागदावर केलं.

भाऊला फोन लावला. म्हणाला, "ताई, पाहुणे येणार होते ना बघायला, म्हणून तागावरचा आधी कापला, दुसरा दहा दिवसांनी." दहा दिवस मार्चचं ऊन, दाणा वाळणारच की. फोटोसाठी कापणी उरकायची ही आपल्याकडची जुनी खोड, त्याला एकट्याला काय बोलणार.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ स्लाइडकडेच बघत बसले आणि मग म्हणाले, बाण काढ पण "सकारात्मक कल" लिही. पाव किलोचा कल! मी लिहिलं नाही, ओलाव्याची तळटीप टाकली. ती कुणी वाचली का ते माहीत नाही.

हे इथेच संपलं असतं तर लिहायला बसलेच नसते. संध्याकाळी दादरला गाडी बदलताना त्याच काकांचा फोन आला, कापणीची तारीख विचारायला मी दुपारी लावला होता तो त्यांनी आत्ता बघितला. बोलता बोलता म्हणाले, "तागाच्या एकरात एक गोणी युरिया कमीच टाकला बरं का, रान काळंभोर दिसत होतं, कशाला वाया घालवायचा." मी प्लॅटफॉर्मवर उभीच राहिले, गाडी गेली. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे वीसेक किलो, आणि एकराची शिफारस साधारण ४८ची. एवढं कमी घालूनही मका तेवढाच आला असेल तर तागाने काम केलंच की, फक्त जिथे आम्ही शोधत होतो तिथे नाही!

पण हेही सिद्ध होत नाही, कारण ताग नाही आणि युरियाही कमी असा पट्टाच आम्ही ठेवला नव्हता. कदाचित त्या रानाला ती गोणी लागतच नसेल. किती वर्षं काका उगाच टाकत असतील, आम्हाला काय माहीत.

पुढच्या हंगामासाठी तिसरा पट्टा मागितलाय. सर म्हणाले बजेट बघू. काकांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "ताई, मुद्दाम मका कमी यावा म्हणून रान देऊ का तुम्हाला? तुमच्या ऑफिसच्या गच्चीवर लावा की."