बोरीकाठी बसून समुद्राचं अ‍ॅप : पाचवी नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की सागरी संवर्धनासाठी मी इथे बोरी नदीच्या काठी बसून करतोय त्या अ‍ॅपमधली ४२ माहितीकार्डं तयार झाली. या महिन्यात त्यातली ३१ काढून टाकली. प्रत्येक कार्डामागे दोन-तीन रात्री गेल्या होत्या, त्यामुळे जीवावर आलं. पण काढली ते बरं झालं.

गल्लीतल्या नऊ जणांच्या हातात फोन दिला आणि गप्प बसून बघत राहिलो. कार्डांवर होतं : कचरा टाकू नका, शिंपले वेचू नका, गाडी वाळूत नेऊ नका, कासवांवर बॅटरी मारू नका. चौथ्या-पाचव्या कार्डाला सगळ्यांचं बोट नुसतं पुढे सरकायला लागलं. समोरच्या काकू फोन परत देताना म्हणाल्या, "भाऊ, आम्ही दहा वर्षांतून एकदा समुद्रावर जाणार. तिथे काय बघायचं ते सांग ना आधी." त्या रात्री वहीत एवढंच लिहिलं : काय बघायचं ते आधी.

दुसरी गोष्ट खरं तर पहिल्या दिवशीच कळायला हवी होती. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला समुद्र नाही. दिवाळीनंतर शाळांच्या सहली रायगड, अलिबाग, मुरूड-जंजिरा करत निघतात. नंदुरबार-नवापूरकडची माणसं सुरतेला नातेवाइकांकडे गेली की डुमसला जाऊन येतात. किनाऱ्यावर पोचल्यावर फोन फक्त फोटोसाठी बाहेर निघतो. ऊन इतकं असतं की पडद्यावरचं दिसत नाही, हात ओले असतात, पोरं पाण्याकडे पळालेली असतात. वाचायला वेळ असतो तो बसमध्ये, रात्रभर. म्हणून आता हे अ‍ॅप समुद्रावर उघडायचं नाही, कसारा घाट उतरायच्या आधी उघडायचं, असं धरून सगळी रचना नव्याने मांडली. नेट लागणार नाही. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलले आणि ६४ एमबीचं अ‍ॅप ११ वर आलं.

आता पहिला पडदा एकच प्रश्न विचारतो : समुद्रावर कोणत्या दिवशी जाणार? तारीख टाकली की त्या दिवशीचं पाणी दिसतं.

यामागे एक प्रसंग आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या शाळेची सहल अलिबागला गेली होती. तिथला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. पोरं चालत गेली, किल्ला बघण्यात रमली, आणि परत निघेपर्यंत मधल्या वाटेवर पाणी भरलं होतं. शेवटी होडीने आणावं लागलं. कुणाला काही झालं नाही, पण भाचा अजून पाण्याला बिचकतो. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं, हे सोबतच्या एकालाही माहीत नव्हतं. कसं असणार? आपल्याकडे बोरीला पूर येतो तो पावसाने. चंद्राने पाणी चढतं हे आपण पुस्तकात वाचून विसरलेलो असतो.

पण एक गोष्ट आपल्या घरोघरी असते : भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्यातली तिथी. मुंबई-अलिबागकडच्या कोळ्यांचा जुना तोंडी हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जे येईल ते भरतीचं घड्याळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठची भरती, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला पाणी सर्वांत उतरलेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हे कळल्यावर मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. ज्या घरात एकादशी धरतात, त्या घराला भरती समजावून सांगायला वेगळा धडा लागत नाही.

कोडमध्ये मात्र याने आठवडा खाल्ला. कॅलेंडरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते, आणि चंद्राचा वेग सारखा नसल्याने एक तिथी कधी वीस तासांत संपते, कधी सव्वीस तास चालते. त्यामुळे एखादी तिथी गळते (क्षय), एखादी दोनदा येते (वृद्धी). क्षय तिथीच्या दिवशी माझी भरती एकदम दीड तास पुढे उडी मारायची, वृद्धी असेल तेव्हा जागची हलायची नाही. समुद्र असं वागत नाही. मग छापील तिथी सोडून तिच्या मुळाशी गेलो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. त्या दिवशी दुपारी बाराचं अंतर अपूर्णांकात काढलं आणि उड्या थांबल्या. याच ठिकाणी आणखी एक उलगडा झाला. १८० अंशांना बारा तास, तर बारा अंशांना ४८ मिनिटं येतात. कोळ्यांनी तोंडी हिशेबासाठी ती ४५ केली! अ‍ॅपमध्ये गणिताला ४८ ठेवली आहेत, पण समजावताना 'तिथीची पाऊणपट' हेच शब्द येतात, कारण ते फोन बंद पडला तरी लक्षात राहतात.

भरतीच्या छापील वेळापत्रकाशी ताडून बघितलं तर कधी बरोबर जुळतं, कधी अर्धा-पाऊण तास चुकतं. म्हणून पडद्यावर नेमकी मिनिटं दाखवत नाही. पट्टा दाखवतो : पाणी उतरतंय, उतरलेलं आहे, चढायला लागलंय. आणि खाली ठळक अक्षरांत : 'किल्ल्यात किंवा खडकांवर जाण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा.' ही ओळ काढा, गर्दी होते, असं एका मित्राचं मत पडलं. मी काढणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात सागरी संवर्धन कुठे आलं? इथेच येतं. पाणी उतरलं की बघायला मिळतं. दुसऱ्या पडद्याचं नाव 'वाळूत काय दिसतंय?' असं ठेवलंय. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी पसरलेली असते, ती आपण तुडवत जातो. वाटाण्याएवढे खेकडे वाळू तोंडाजवळ नेऊन तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसतं, ओहोटीला पुन्हा मांडतात. गल्लीतल्या पोरांनी हे कार्ड तीनदा-तीनदा उघडलं. तिथे 'वाळूत गाडी नेऊ नका' असं लिहावं लागलं नाही. एका मुलीने स्वतःच विचारलं, "मग गाडी गेली तर त्यांचं काय होतं?"

शंखांचं कार्ड असंच बदललं. शंख उलटा करून थोडा वेळ थांबा, आतून पाय बाहेर येतात का बघा. मऊ पोटाचा खेकडा रिकाम्या शंखात राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो. रिकामा शंख म्हणजे त्याच्यासाठी मोकळं घर. काही जातींच्या शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेही एका ओळीत सांगितलंय. या कार्डाला माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा, आवाज दिला आहे, अहिराणीत. मी लिहून दिलेलं वाक्य तिने बाजूला ठेवलं आणि नातवाला सांगावं तसं म्हणाली, "नको उचलू रे, त्यामा जीव शे." एवढंच ठेवलं. नऊपैकी सात जणांनी हे ऐकून पुन्हा लावलं.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांचं कार्ड मुळातलंच राहिलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर घरटी राखली. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो समुद्राकडे असतो. हॉटेलचे दिवे असले की पिल्लं उलटी फिरतात. हे चित्रात दाखवलंय : 'दिवा लावा' हे बटण दाबलं की पिल्लांची रांग वळते. बटण सोडलं की पुन्हा पाण्याकडे. शब्द एकही नाही.

पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या फुग्यांचं, म्हणजे ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या जीवाचं कार्ड मात्र लाल रंगात आहे. तो सुंदर दिसतो म्हणून पोरं उचलतात, आणि किनाऱ्यावर मेलेला पडला तरी त्याचे धागे डसतात. हात लावू नका, लागलंच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा. इथे 'नका' हा शब्द लागतोच.

तिसऱ्या पडद्याने मला चूक दाखवली. 'तुमची नदी निवडा' : बोरी, पांझरा, गिरणा, वाघूर, अनेर, गोमाई. निवडली की पाणी तापीत उतरतं, पुढे उकाई धरण, सुरत आणि खंबातचं आखात. तापीचा उगम मुलताईला, तिथपासून ७२४ किलोमीटर. त्यावर मी एक पिशवी तरंगत नेली होती, अमळनेरच्या पुलावरून थेट समुद्रात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "मधे उकाईची भिंत आहे, पिशवी तिच्यावरून कशी गेली?" बरोबर होतं. पोरांना धक्का बसावा म्हणून मी खोटं चित्र काढलं होतं. आता पिशवी काठावर अडकते, उन्हाने तिचे तुकडे होतात, काही धरणाच्या गाळात बसतात आणि बारीक तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात. चित्र कमी नाट्यमय झालं, पण ते मी कुणाहीसमोर उघडू शकतो.

बाकी किरकोळ : फ्लटर या ज्या साधनात हे बनवतोय, त्यात बटणांवरच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जात होते. मुक्त फॉन्ट घेऊन ओळीची उंची दीडपट केली, तेव्हा अक्षरं मोकळी झाली. गडद पार्श्वभूमी काढली, कारण उन्हात पांढऱ्यावर काळंच वाचता येतं. पापलेटचं कार्ड, २०२३ मध्ये राज्यमासा झाल्याचं, अजून अर्धवट आहे.

येत्या शुद्ध एकादशीला रात्रीच्या बसने अलिबागला निघतोय. भाचा बरोबर येतोय, त्याने स्वतःहून विचारलं. वाळूत खुंट्या ठोकून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची रेघ कुठे आली ते तो सांगणार, मी वहीत उतरवणार, आणि माझा पट्टा किती चुकतो ते पुढच्या नोंदीत लिहीन.